ट्रॉलीचा भार आणि ट्रॅक्टरची पुढची चाके

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यास भाराची वाटणी कोणी शिकवावी लागत नसे. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते व पुढे अधिक झाला तर बैलांचे खांदे सुजतात, हे तो जाणून होता. गाडी भरल्यावर जू हाताने उचलून पाहण्याची त्याची रीत होती. ट्रॅक्टर आल्यावर हे शहाणपण मागे पडले. लोखंडास खांदा नसतो, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत चुकीची असून ती प्राणावर बेतू शकते.

ट्रॉली घेताना शेतकरी तिची लांबी, पाटे व टायर बारकाईने पाहतो. परंतु ती ट्रॅक्टरला जेथे जोडावयाची त्या हुकाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक खरा प्रश्न तेथेच आहे. दोन चाकी ट्रॉलीच्या भाराचा काही भाग हुकावर पडतो. हुक मागील आसाच्याही मागे असल्याने तो भार तराजूच्या दांडीप्रमाणे पुढची चाके उचलू पाहतो.

उदाहरणादाखल 2,000 किलो वजनाचा एक ट्रॅक्टर घ्यावा. त्याच्या पुढच्या चाकांवर 800 किलो भार आहे, दोन्ही आसांत 200 सेंटिमीटर अंतर आहे आणि हुक मागील आसापासून 70 सेंटिमीटर मागे आहे. हुकावर 500 किलो भार पडला की पुढच्या चाकांवरील भार 175 किलोंनी घटतो. पुढे दर दहा मीटरला एक मीटर चढ लागला, तर सुमारे सहा टनांची भरलेली ट्रॉली ओढण्यास अंदाजे 800 किलोंचा ओढ लागतो. हुक जमिनीपासून 50 सेंटिमीटर उंच असेल, तर या ओढीने आणखी 200 किलो कमी होऊन 425 किलो उरतात. तोच हुक 80 सेंटिमीटरवर असल्यास 320 किलो कमी होतात व जेमतेम 305 उरतात. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे 400 किलो, पुढच्या चाकांवर असावा, तरच सुकाणू मानते. चढामुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकते, ते निराळेच.

यावर काही अनुभवी चालक म्हणतात की, हुक उंच घेतला म्हणजे मागच्या चाकांची पकड वाढते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ती पकड पुढच्या चाकांकडून उसनी घेतलेली असते. ऊस वाहतुकीच्या हंगामात चढावर पुढची चाके उचललेला ट्रॅक्टर पाहून लोक चालकाचे कौतुक करतात. ते कौतुक नव्हे, धोक्याची सूचना समजावी. ओढ मागील आसाहून उंचावर, विशेषतः तीन बिंदू जोडणीच्या वरच्या दुव्यास दिली, तर ट्रॅक्टर क्षणार्धात मागे उलटतो व चालकास उडी मारण्यासही वेळ मिळत नाही.

याउलट माल अगदी मागे भरल्यास ट्रॉली हुक वर उचलते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांनाच असतात. त्यांवरील भार हलका झाला की उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते.

अमेरिकेत मोटारीमागे लहान प्रवासी घरगाडी जोडताना कमानी दांड्यांचा हुक वापरून मागचा काही भार पुढच्या चाकांवर घेतात. आपल्या ट्रॉलीस तशी सोय नसते. म्हणून निवड व भरणी यांतच सावधगिरी हवी. चिखलाच्या, अरुंद शिवाररस्त्यावर व थोड्या मालासाठी दोन चाकी ट्रॉली सोयीची. ती मागे घेणेही सोपे. जड माल व लांबचा रस्ता असल्यास चार चाकी ट्रॉली बरी, कारण तिचा भार तिच्याच चाकांवर राहतो व हुकावर मुख्यतः ओढच येते.

हुक कंपनीच्या पुस्तिकेतील उंचीवरच, मागील आसाच्या खाली असावा. गावातील वेल्डिंगवाल्याकडून तो मनास येईल तेथे डकवून घेऊ नये. पिन पुरेशा जाडीची व कुलूपखिळीसह असावी, जोडीस सुरक्षा साखळी असावी. जरूर तेथे पुढे वजने लावावीत. मात्र ती लावली म्हणून माल वाढवू नये. हुकावर किंवा ट्रॉलीच्या दांडीवर कोणासही बसू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्ते बियाणे व खते यांविषयी जितक्या आस्थेने बोलतात, तितक्याच आस्थेने त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॉल्यांचे हुक मोजून पाहावेत. त्यास एक मोजपट्टी व अर्धा दिवस पुरतो. पीक बुडाले तर पुढील हंगामी पुन्हा पेरता येते. गेलेला कर्ता माणूस परत येत नाही.