आक्षेप घ्यावा, पण नेमका

गेल्या प्रायश्चित्तकाळात एका धर्मग्रामातील तरुणांनी भक्तिसंगीताच्या कार्यक्रमात ‘जीझस ख्राईस्ट सुपरस्टार’मधील ‘गेथशेमाने’ हे गीत गाण्याची परवानगी मागितली आणि बैठकीत वादळ उठले. ‘रॉक संगीतात प्रभूचे दुःखसहन?’ ‘त्यात येशू मरणाला भितो!’ ‘त्यात पुनरुत्थानच नाही!’ अशी आक्षेपांची सरबत्ती झाली. मी उपस्थितांना एकच प्रश्न विचारला : ही ध्वनिमुद्रिका आरंभापासून शेवटपर्यंत किती जणांनी ऐकली आहे? दोन हात वर झाले. त्यांतला एक माझा होता. परवानगी अर्थातच नाकारली गेली.

न ऐकता दिलेला निकाल हा निकाल नव्हे, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझे दुःख निराळे आहे. या कृतीत खरोखर आक्षेपार्ह असे काही आहे. परंतु आपण बोट ठेवतो ते भलतीकडेच. जे शुभवर्तमानातून आले त्याला आपण पाखंड म्हणतो आणि जे आपल्याच जुन्या चुकांतून आले ते आपल्याला खटकतही नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगीतकार अँड्रू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस हे पंचविशीच्या आसपासचे दोघे इंग्रज तरुण. या विषयावरील नाटकाला निर्माता मिळेना, म्हणून त्यांनी ते आधी ध्वनिमुद्रिकेच्या रूपात सिद्ध केले. एकच कथासूत्र घेऊन सलग रचलेल्या अशा रचनेला रॉक संगीतात ‘कॉन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. १९७० साली दोन तबकड्यांचा हा संच निघाला. प्रभूची गीते ‘डीप पर्पल’चा गायक इयन गिलन याने आणि जुदासची मरे हेड याने गायिली. अमेरिकेत १९७१ सालच्या ‘बिलबोर्ड’च्या वार्षिक यादीत हा संच पहिला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाटक आले, तेव्हा नाट्यगृहाबाहेर ख्रिस्ती निदर्शकही होते आणि ज्यू निदर्शकही. आपल्याकडे १९७४ साली अलेक पदमसी यांनी ते मुंबईत सादर केले.

पहिला आक्षेप संगीताविषयीचा. ज्यांच्या पूर्वजांनी ‘क्रिस्तपुराण’ ऐकले, त्यांनी तरी हा आक्षेप घेऊ नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्या ग्रंथात तारणाची कथा पुराणाच्या साच्यात आणि ओवीच्या चालीत सांगितली. लोकांच्या कानांत जो छंद होता, तोच त्यांनी उचलला. इथेही छंद निरर्थक नाही. मंदिरातील व्यापाऱ्यांचा प्रसंग सात मात्रांच्या तुटक लयीत बांधला आहे. तिथे पाऊल कुठेच स्थिर पडत नाही आणि बाजाराचा हव्यास कानांनाच कळतो.

दुसरा आक्षेप, येशू मरणाला भितो. मग मार्ककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय आपण कशासाठी वाचतो? बागेत प्रभू व्याकूळ होतो आणि हा प्याला दूर व्हावा म्हणून विनवतो. लूक तर रक्ताच्या थेंबांसारख्या घामाची नोंद करतो. ख्रिस्ताच्या ठायी मानवी इच्छा होती की केवळ दैवी, हा वाद सातव्या शतकात याच बागेतील प्रार्थनेवरून पेटला. दोन्ही इच्छा होत्या असे ठामपणे सांगणाऱ्या संत मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला. तो ६६२ साली हद्दपारीत मरण पावला. पुढे ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचेच म्हणणे ख्रिस्तसभेचा सिद्धान्त म्हणून जाहीर केले. न भिणारा ख्रिस्त हा आपला ख्रिस्त नव्हे. फार तर असे म्हणता येईल की गीतातला स्वीकार कडवट आहे, मार्कने नोंदलेली ‘अब्बा’ ही हाक त्यात ऐकू येत नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. पण तो घेण्यासाठी गीत ऐकावे लागते.

तिसरा आक्षेप, पुनरुत्थान नाही. योहान सेबास्टियन बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ १७२७ साली लाइपझिगच्या प्रार्थनामंदिरात प्रथम सादर झाले. तेही कबरीपाशीच संपते. परंपरेने आपण करतो त्या क्रुसाच्या वाटेचे चौदावे स्थान कोणते? प्रभूला कबरीत ठेवतात. शुक्रवारची कृती शुक्रवारीच संपली, म्हणून ती रविवार नाकारते असे होत नाही.

मग आक्षेप घ्यायचा कुठे? वाचकहो, दोन ठिकाणी.

एक म्हणजे ज्यू लोकांचे चित्रण. या ध्वनिमुद्रिकेत कयफा खर्जातल्या आवाजात कट शिजवतो, जमाव क्रुसाची मागणी करतो, आणि रोमन सुभेदार पिलात मात्र स्वप्नाने अस्वस्थ झालेला, जवळजवळ दयाळू गृहस्थ वाटतो. वास्तविक क्रूस ही रोमन शिक्षा होती, आणि जोसेफसने रंगवलेला पिलात निष्ठुर आहे. शोमरोनी लोकांच्या कत्तलीनंतर त्याला रोमला परत बोलावण्यात आले. १९७१ साली अमेरिकेतील ज्यू संस्थांनी हाच दोष दाखवला होता. आपण तो का पाहिला नाही? कारण हे चित्र आपलेच होते. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत ज्यूंना लावले जाणारे ‘विश्वासहीन’ अशा अर्थाचे विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढले. प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट, किंवा आजच्या ज्यूंवर, लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी सांगितले. तबकडी निघाली ती त्यानंतर पाचच वर्षांनी. शतकानुशतकांची सवय पाच वर्षांत जाते थोडीच!

दुसरे म्हणजे मग्दालिया मरिया. ती प्रभूवर प्रेम करते याचा आपल्याला राग येतो. परंतु तिला वारांगना ठरवले आहे, याचा नाही. शुभवर्तमानात तसे कुठे आहे? लूकच्या आठव्या अध्यायात ती भूतबाधेतून मुक्त झालेली आणि आपल्या पैशाने शिष्यांचा चरितार्थ चालवणाऱ्या स्त्रियांपैकी एक आहे. आधीच्या अध्यायातील निनावी पापी स्त्री आणि ती एकच, असे ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी प्रवचनात सांगितले आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत तो कलंक तिला कायमचा चिकटला. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. टिम राइसने ही चूक शोधून काढलेली नाही. आपल्याच प्रवचनांतून आणि चित्रांतून ती त्याच्यापर्यंत पोहोचली. आरशात डाग दिसला म्हणून आरसा पुसून काय उपयोग?

त्या तरुणांना आपण काय शिकवले? वडीलधाऱ्यांना ऐकण्यापेक्षा नाकारणे सोपे जाते, एवढेच. त्यांनी ते गीत गाणे सोडलेले नाही. फक्त आता ते आपल्यासमोर गात नाहीत. हे नुकसान कोणाचे?

माझी सूचना साधी आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात एका संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात तरुण आणि वडीलधारे एकत्र बसोत. सबंध ध्वनिमुद्रिका ऐकायला दीड तास पुरतो. मग हवे तितके भांडावे, पण हातात शुभवर्तमान घेऊन. शेवटच्या वाद्यरचनेचे नाव योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एकेचाळिसाव्या वचनावरून दिले आहे : क्रुसाजवळची बाग आणि त्या बागेतील नवी कबर. तबकडी तिथे थांबते. आपण थांबू नये. एक वचन ओलांडले, पान उलटले, की विसावा अध्याय लागतो, आणि त्याच्या पहिल्याच वचनात, अजून अंधार असताना, मग्दालिया मरिया त्या कबरीकडे चालत येते.