बियाण्यांची नोंद आणि शेतकऱ्यांचा हक्क

महाराष्ट्रातील नाचणी, कर्नाटकातील रागी आणि उत्तराखंडातील मंडुवा ही एकाच पिकाची नावे आहेत. शेतकऱ्याला हे सहज उमगते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते. कृषी जैवविविधतेच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडताना हाच प्रश्न वारंवार उभा राहतो.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत साडेचार लाखांहून अधिक बीजनमुने जतन केलेले आहेत. परंतु बीज स्वतःविषयी काही सांगत नाही. ते कोठून आणि केव्हा मिळाले, ही माहिती हरवल्यास नमुना जिवंत राहूनही त्याची उपयुक्तता घटते. अवर्षणात तगणाऱ्या वाणाच्या शोधात असलेल्या पैदासकाराला पहिला दिशादर्शक असतो, तो नमुन्याच्या मूळ स्थानाची नोंद हाच.

माहितीविषयीच्या या माहितीला संगणकाच्या परिभाषेत मेटाडेटा म्हणतात. तिच्यात एकसूत्रता यावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सहभागातून बहुपीक पासपोर्ट वर्णकांची यादी तयार झाली. २००१, २०१२ आणि २०१५ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. शास्त्रीय नाव, संकलनाचा दिनांक, अक्षांश-रेखांश असे रकाने तिच्यात आहेत. पारंपरिक वाणासाठी ३०० आणि सुधारित वाणासाठी ५०० असे संकेतांकही ठरलेले आहेत. त्यामुळे भाषा निराळी असली तरी नोंदींचा अर्थ एकच राहतो.

तथापि, या यादीत एक उणीव जाणवते. नमुना गोळा करणाऱ्या संस्थेसाठी तिच्यात रकाना आहे; पिढ्यानपिढ्या तो वाण राखणाऱ्या समाजासाठी स्वतंत्र रकाना नाही. ही माहिती फार तर शेऱ्यात जाते.

भारतात ही बाब केवळ तांत्रिक नाही. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार एखाद्या वाणाच्या विकासातील योगदानाबद्दल गावाला किंवा स्थानिक समाजाला भरपाईचा दावा करता येतो. मात्र मूळ नोंदीत गावाचाच उल्लेख नसेल, तर हा दावा सिद्ध कशाच्या आधारे करावयाचा?

म्हणूनच राष्ट्रीय मानके निश्चित करताना वाणाचे स्थानिक नाव त्याच्या मूळ लिपीत नोंदले जावे आणि तो राखणाऱ्या समाजाचा उल्लेख त्यांच्या संमतीने व्हावा, हे अगत्याचे आहे. बीज शीतगृहात सुरक्षित राहील. शेतकऱ्याचा हक्क सुरक्षित राहण्यासाठी नोंदच पूर्ण असावी लागेल.