मोत्या म्हातारा झाला!

बालमित्रांनो, बैलाचं वय कसं ओळखतात, हे तुमच्या आजोबांना विचारा. ते त्याचे दात बघतील. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही पक्के दात आले की बैल 'जुळला'! कुत्र्याचे 42 पक्के दात मात्र सात महिन्यांतच येतात. पुढे झिजलेल्या दातांवरून नुसता अंदाज करायचा.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, असं सगळे म्हणतात. ते काही खरं नाही. वर्षाचा कुत्रा चांगला जवान असतो! मोठ्या जातीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, छोटे उशिरा. तोंडावरचे केस पिकतात, डोळे निळसर दिसतात, ऐकू कमी येतं. अशा मोत्याला झोपेत हात लावू नका हं. दचकून चावतो बिचारा! आधी जमिनीवर पाय आपटा. हादरा त्याला कळतो.

पण सगळंच 'वय झालं' म्हणून सोडायचं नाही. तो एकदम खूप पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार असू शकतो, नाहीतर मधुमेह. हो, कुत्र्यालाही मधुमेह होतो! तोंडाला घाण वास येतो, भाकरी नको म्हणतो, तेव्हा बहुधा दात-हिरड्या दुखत असतात. लंगडतो म्हणून आपली दुखण्याची गोळी त्याला मुळीच देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

आमच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्यात गाई-म्हशींसारखी कुत्री-मांजरंही तपासतात. तुमच्या जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात बाबांबरोबर जा. जाताना रेबीजच्या लशीचा कागद न्या. म्हाताऱ्या मोत्यालाही ती लस लागतेच.