निळे हात

नाशिक भागातल्या कोणत्याही द्राक्षबागाईतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय असे विचारा. मोरचूद, चुना आणि पाणी यांचे प्रमाण तो धडाधड सांगेल. ते मुळात फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आणि मी तर द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेला!

त्या बोर्दो शहरी २०१८च्या सप्टेंबरात जाण्याचा योग आला. माझी भाची तिथे संग्रहालयांची मांडणी शिकत होती. पहिल्याच दिवशी तिने आम्हां दोघांना वाइनच्या संग्रहालयात नेले. “यात्रेला ठिकाण बरे शोधलेत!” सौ. म्हणाली, पण आली.

‘सिते द्यु व्हँ’ ही २०१६ साली गारोन नदीकाठी उघडलेली इमारत. पेल्यात घोळवलेली वाइन गोठून उभी राहावी असा तिचा आकार. आत काचेच्या कपाटांतले मडके आणि खाली चिठ्ठी, असला प्रकार नाही. एका दालनात जहाजात बसल्यासारखे बसायचे, समोर समुद्र उसळतो आणि व्यापाऱ्यांचा प्रवास सुरू होतो. दुसरीकडे रबरी फुगा दाबला की नळीतून वास येतो. वास हुंगत सौ. अशी रमली की तिला हाताला धरून पुढे न्यावे लागले. शेवटी वरच्या मजल्यावर तिकिटातच एक पेला वाइन मिळते. आमच्या वाट्याला द्राक्षाचा रस आला, हे घरच्या वडीलधाऱ्यांच्या माहितीसाठी.

रस पिता पिता भाचीने आपले आराखडे काढले. परीक्षेसाठी तिला या मुलुखाच्या इतिहासाचे एक दालन रचायचे होते. इतिहास भरपूर. ११५२ साली इथल्या एलिनॉर राणीने हेन्रीशी लग्न केले, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढची तीनशे वर्षे इथली पिंपे इंग्लंडला जात राहिली. याच बंदरातून गुलामांच्या व्यापाराचीही जहाजे निघाली. शहरातल्या दुसऱ्या एका संग्रहालयाने २००९ साली त्यासाठी वेगळी दालने उघडली. भाचीने मात्र एकोणिसाव्या शतकातले संकट निवडले होते. अमेरिकेतून आलेल्या एका किडीने वेलींची मुळे पोखरली. त्यावर अमेरिकन खुंटावर कलम बांधण्याचा उपाय सापडतो न सापडतो तोच १८७८च्या सुमारास तिकडूनच केवडा रोग आला.

“१८८२ साली मिलार्दे नावाचे एक प्राध्यापक मेदोक भागातून चालले होते,” ती सांगू लागली. “पाहतात तो सगळीकडे पाने गळालेली, रस्त्याकडेच्या ओळी तेवढ्या हिरव्या! चौकशी केली तर कळलं, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. विषारी दिसावं म्हणून!”

चोरांसाठी केलेले औषध रोगाला लागू पडले. मिलार्देने प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तेच आमचे बोर्डो.

दालनात तिने निळा प्रकाश, धुके आणि हळुवार संगीत योजले होते. “कसं वाटतं, मामा?”

“छान आहे,” मी म्हणालो. “पण चुन्याने डोळे चुरचुरत नाहीत.”

आणि मग, का कोण जाणे, इतक्या वर्षांत सौ.लाही न सांगितलेले मी सांगून टाकले. आबा पहाटे मोरचूद लाकडी पिंपात भिजवीत. लोखंडाचे भांडे चालत नाही. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे कालवून मग एकत्र करायचे. त्यात घासलेला कोयता बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मग पाठीवर पंप. आबांची नखे हंगामभर निळसर असत. मी सातवीत असताना शाळेच्या बक्षीस समारंभाला यायला निघाले, तेव्हा मी म्हणालो, “हात खिशात ठेवाल का?” ते आलेच नाहीत. पंप नादुरुस्त झाला, असे आईजवळ सांगितले म्हणे.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. भाची मात्र आराखड्यावर खोडरबर चालवीत होती. संगीत गेले, धुके गेले. मधोमध तिने एक पिंप काढले. “लोकांनी स्वतः कालवायचं,” ती म्हणाली, “लोखंड बुडवून पाहायचं. चुकलं तर चुकलं. खरा मोरचूद देऊ देणार नाहीत, काहीतरी निरुपद्रवी शोधीन. मामा, आबांचा तो कोयता आहे का अजून?”

रात्री गावी थोरल्या भावाला फोन लावला. कोयता होता.

“देता यायचा नाही,” तो म्हणाला. “छाटणी तोंडावर आली. कामात आहे तो. फोटो पाठवू का?”