आश्रमशाळेचा मुख्याध्यापक

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात प्राथमिक शिक्षकाचे काम शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती या तालुक्यांत गावे टोल्याटोल्यांत विखुरलेली आहेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रोज चालत जाता येईल इतक्या अंतरावर वरच्या वर्गांची शाळा असतेच असे नाही. म्हणून पहिलीत बसण्याच्या वयाची मुलेसुद्धा आश्रमशाळेत राहायला येतात. जूनअखेरीस बाप पेटी घेऊन येतो, मुलाला पोहोचवून जातो. पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीत, किंवा मध्येच आठवडी बाजाराला येणे झाले तर. एरवी त्या मुलाचे आईबाप म्हणजे शाळेतली माणसे: मुख्याध्यापक, शिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार. या सगळ्यांची जबाबदारी शेवटी ज्याच्यावर येते त्या पदाचा विचार या अंकाच्या आरंभी करायचा आहे, कारण मराठी वाचक या पदाकडे निकालापुरतेच पाहतात.

नोकरीचा कागदावरचा रस्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. डी.एड., टीईटी, पवित्र पोर्टल, मग सहायक शिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. जंगलातल्या जिल्हा परिषद शाळांचा पट बहुधा त्याच्या कितीतरी खाली असतो. मग दोन शिक्षकांपैकी जो जुना, त्याच्याकडे प्रभार. पोषण आहाराची नोंद तोच ठेवतो, यू-डायसची माहिती तोच भरतो, निवडणुकीचे काम त्याच्याच गळ्यात पडते आणि दोन-तीन वर्गही तोच एकत्र शिकवतो. शाळा कशी चालवावी हे त्याला बहुधा कोणी शिकवलेले नसते. ते तो चालवता चालवता शिकतो. आश्रमशाळेत पद असते, पण तिथे शाळेला वसतिगृह जोडलेले आहे, आणि वसतिगृह सांभाळणे हे वर्ग सांभाळण्यापेक्षा वेगळे काम आहे.

संध्याकाळी पाचनंतरच्या आश्रमशाळेत हे काम दिसते. मुलींच्या निवासाची किल्ली रात्री कोणाकडे असते? स्वच्छतागृह इमारतीला लागून आहे की अंगण ओलांडून जावे लागते, आणि त्या वाटेवरचा दिवा चालू आहे का? मध्यरात्री ताप चढलेल्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणाच्या गाडीवरून नेतात, आणि सोबत बाई असते का? अधीक्षिका रजेवर गेली तर तिच्या जागी कोण झोपते? मोठी मुले लहानांकडून कपडे धुऊन घेतात, पाय दाबून घेतात, हे कोणाच्या लक्षात आले आहे का? तपासणीच्या नमुन्यात यातले फारच थोडे विचारले जाते. चांगला मुख्याध्यापक मात्र ही उत्तरे तोंडपाठ ठेवतो, आणि मुलांवरचा अत्याचार टळतो तो बव्हंशी अशाच ठिकाणी, घडण्याच्या आधी.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12,447 मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक, 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या, जबाबदारीच्या जागी असलेले होते. बाहेरच्या अनोळखी माणसासाठी बांधलेली कुंपणभिंत इथे पुरी पडत नाही. मुलग्यांच्या निवासाकडे ‘त्यांना काय होते’ म्हणून होणारे दुर्लक्षही तितकेच घातक आहे.

चंद्रपूर जिल्ह्याला हे राजुऱ्याने दाखवले. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या एका खासगी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींची प्रकृती बिघडली आणि त्यांना रुग्णालयात नेल्यावर लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीस आला. वसतिगृहाची देखरेख ज्यांच्याकडे होती त्यांनाच अटक झाली. तपासात 17 अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे पुढे आले. पुढे हे प्रकरण वेगळ्याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर असा आरोप होता की, प्रकार कळूनही त्याने पोलिसांना कळवले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने म्हटले. देशभरातल्या शाळा आणि दवाखान्यांना आज लागू असलेला हा निकाल राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून गेला आहे. या जिल्ह्यांच्या प्रत्येक शिक्षण परिषदेत तो वाचून दाखवायला हवा.

त्या निकालाच्या मुळाशी 14 नोव्हेंबर 2012 पासून अमलात असलेला पॉक्सो कायदा आहे. त्याच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता ज्याला कळली, त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. कळवले नाही तर कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. कळवल्यानंतर पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला माहिती द्यायची असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो.

प्रत्यक्षात शाळेचा पाय घसरतो तो याच्या आधीच्या पायरीवर. मुख्याध्यापक संस्थाचालकाला फोन करतो, संस्थाचालक ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणतो, मुलीला कार्यालयात बोलावून चौघांसमोर पुन्हा पुन्हा विचारले जाते, मग आईबापांना बोलावून शाळेच्या नावाची आठवण करून दिली जाते. यात दिवस जातात, पुरावा जातो आणि मुलगी गप्प होते. खरे-खोटे ठरवणे हे मुख्याध्यापकाचे काम नाही. त्याने ऐकायचे, ‘तुझी चूक नाही’ एवढे सांगायचे, मुलाला त्या माणसापासून लगेच दूर करायचे आणि कळवायचे. संस्थेची परवानगी कायद्याने कुठेही मागितलेली नाही.

पण हे सगळे मूल बोलले तर. आणि इथे या दोन जिल्ह्यांचा खरा प्रश्न उभा राहतो. माडिया किंवा गोंडी बोलणारे सहा वर्षांचे मूल मराठी बोलणाऱ्या शिक्षकाला पोट दुखते एवढेही धड सांगू शकत नाही. मग त्याहून अवघड गोष्ट ते कशी सांगणार? पॉक्सोच्या कलम 26 मध्ये जबाबासाठी दुभाषा घेण्याची तरतूद आहे, परंतु दुभाषा येतो तो तक्रार झाल्यावर. तक्रार होण्यासाठी शाळेत मुलाची बोली जाणणारे आणि त्याच्या विश्वासाचे एक तरी माणूस हवे.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचे या बाबतीतले काम म्हणूनच महत्त्वाचे आहे. बाबा आमटे यांनी 1973 साली सुरू केलेल्या या प्रकल्पात 1976 साली निवासी शाळा निघाली. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे व त्यांचे सहकारी माडिया शिकले, आणि पुढे याच शाळेत शिकलेली मुले शिक्षक, डॉक्टर, पोलीस झाली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर 2019 साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळाच काढली. शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवले. मान्यतेचा वाद आपल्या जागी, पण मुलाने गावात, आपल्या माणसांत, आपल्या बोलीत शिकावे ही त्या ग्रामसभेची मागणी मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही रास्त आहे. जिल्ह्यात डी.एड. झालेले माडिया आणि गोंड तरुण आहेत. पहिली-दुसरीच्या वर्गांवर आणि अधीक्षिकेच्या पदावर त्यांना आधी घ्यावे, हा उपाय कोणत्याही यंत्रापेक्षा खात्रीचा आहे.

यंत्राचा उल्लेख मुद्दाम केला. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांबाबत कडक आदेश काढले. पडताळणी आवश्यकच आहे. 2020 च्या पॉक्सो नियमांनीही ती सांगितली आहे. कॅमेरा मात्र वीज असेल तेव्हाच चालतो आणि निवासाच्या खोलीत तो लावता येत नाही. तक्रारपेटी लिहिता येणाऱ्या मुलाच्याच उपयोगाची. पहिलीतले मूल चिठ्ठी टाकणार नाही. ते अंथरूण ओले करील, जेवण टाकील, अमुक खोलीत जाणार नाही म्हणून हटून बसेल. हे ओळखणे शिकवता येते. पुण्या-मुंबईतल्या शाळांत असे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. एटापल्लीच्या कामाठी बाईपर्यंत ते क्वचितच पोहोचते, आणि मुलांचे अंथरूण रोज पाहणारी तीच असते.

दिवाळीची सुट्टी संपताना याची कसोटी लागते. काही मुले परत येत नाहीत. हजेरीपटावर त्यांची ‘गळती’ म्हणून नोंद होते आणि कारण ठरलेले असते: धान कापणी, घरचे काम, पालकांची अनास्था. अनेकदा ते खरेही असते. तरीही जे मूल शाळेत रमले होते ते अचानक यायला नको म्हणते, तेव्हा मुख्याध्यापकाने स्वतः त्या टोल्यावर जाऊन, बोली जाणणाऱ्या बाईला सोबत नेऊन, कारण विचारले पाहिजे. पटसंख्येसाठी मुलाला ओढून आणणे आणि त्याचे म्हणणे ऐकायला जाणे यांत फार अंतर आहे.

या कामात गावालाही अधिकार आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांतले कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. मेंढा-लेखासारख्या गावाने जंगलावरचा हक्क अभ्यास करून मिळवला. त्याच अभ्यासाने शाळेवरचा हक्कही बजावता येईल. दिवाळीनंतर शाळा उघडली की ग्रामसभांनी आपापल्या मुलांच्या आश्रमशाळेत एका संध्याकाळी जावे, मुलांसोबत जेवावे, निवास पाहावा, किल्ली कोणाकडे असते ते विचारावे. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक, जो मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो, निवासाच्या भिंतीवर मुलांच्या बोलीत रंगवून घ्यावा.