आधी बघा, मग सुकवा

दर पावसाळ्यात हा संवाद ठरलेला. कोणीतरी मावळातल्या ओढ्यात डर्ट बाइक घालतो, पलीकडे चढता चढता ती बंद पडते, मग ढकलत गॅरेज. तिथे दोनच उत्तरं मिळतात. "उन्हात ठेवा, होईल चालू" किंवा "सीडीआय गेला साहेब". माझ्या मते यातलं एकही निदान नाही. पहिल्यात पुरावा वाळतो, दुसऱ्यात खिसा :-)

आपल्या ऑफिसात 'रिप्रोड्यूस होत नाही' म्हणून तिकीट बंद करतात ना, तसंच हे. उन्हात गाडी चालू झाली म्हणजे बग गेला नाही, फक्त लपला. गाडी ओली असते तेव्हाच तो समोर असतो.

पण त्याआधी एक महत्त्वाचं. एअर फिल्टर उघडून बघा. आत पाणी असेल तर किक नाही, बटण तर अजिबात नाही. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इग्निशन बंद ठेवून प्लग काढा, मग हळूहळू किक मारून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर विषय संपला, टेम्पो बोलवा.

इंजिन कोरडं असेल तर ठिणगी बघायची. काढलेला प्लग परत कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग इंजिन हेडला घट्ट टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, तिथे पेट्रोलची वाफ असते!) आणि किक मारा. निळी, टचटचीत ठिणगी आली तर इग्निशनला उगाच बदनाम करू नका. कार्बोरेटरच्या बाउलचा ड्रेन स्क्रू सोडा, बहुतेक पाणी तिथे असेल.

ठिणगी नसेल तर लगेच सीडीआयवर का घसरायचं? तो डबा बहुतेक वेळा आतून राळेने भरून बंद केलेला असतो, पाणी सहजासहजी शिरत नाही. खरी गळती पुढे होते. सीडीआयमधल्या काहीशे व्होल्टचे इग्निशन कॉइल हजारो व्होल्ट करते, आणि एवढ्या दाबाच्या विजेला प्लगच्या फटीपेक्षा सोपी वाट मिळाली की ती तिकडेच पळते. प्लग कॅपची चिरलेली रबर, प्लगच्या खड्ड्यात साठलेलं चिखलाचं पाणी, कडक झालेली केबल... झालं!

दुसरा संशयित किल स्विच. जुन्या धाटणीच्या बऱ्याच सीडीआय गाड्यांत तो ठिणगी मारतो ती वायर बॉडीला अर्थ करून. स्विचमध्ये पाणी गेलं की गाडीला वाटतं, मालकानेच बंद केली. ती वायर तात्पुरती सोडवा. ठिणगी परत आली तर चोर सापडला. आताच्या एफआय गाड्यांत वायरिंग वेगळं असतं, तिथे हा प्रयोग नको. त्यात इग्निशन ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा घूंऽऽ आवाज येतो का, डॅशवर इंजिनचा दिवा पेटून राहतो का, साइड स्टँडचा स्विच ओला आहे का, हे आधी बघा.

माझ्या एका मित्राने दोन पावसाळ्यांत दोन सीडीआय घातले. तिसऱ्या वेळी आम्ही रात्री पार्किंगमधला दिवा घालवला, गाडी चालू केली आणि कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलं (हात लांब ठेवून, झटका जबरदस्त बसतो). कॅपवरून हेडकडे निळी रेघ नाचायला लागली. इंजिन फटफटून बंद. सीडीआयच्या मानाने कॅपची किंमत म्हणजे चिल्लर.

यात सगळा दोष मेकॅनिकचा नाही हं. जुलैत त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला संध्याकाळी गाडी हवी असते. शिवाय पार्टचे हजारो आपण मुकाट्याने देतो, पण "अर्धा तास शोधलं, त्याचे दोनशे" म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या! आणि हे आपण, क्लायंटला तासावर बिल लावणारे. त्याला शोधण्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून तो बदलतो, शोधत नाही.

असो. डब्ल्यूडी-४० मारून भागतं का, असं हमखास विचारतात. १९५३ साली ते बनलं तेच पाणी हटवायला, नावातला 'डब्ल्यूडी' त्याचाच. तेव्हा कनेक्टरमधलं पाणी काढायला उत्तम, पण ते टिकत नाही. कनेक्टर कोरडे झाले की त्यांच्या रबरी सीलना आणि कॅपच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, आणि जमलं तर हे मे महिन्यातच उरका.