ज्याला चेंडू वळवता येत नाही, त्याचे काय?

१/ "अंगी गुण असेल तर जात आड येत नाही." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याच्या समर्थनार्थ बहुधा क्रिकेटचे उदाहरण दिले जाते आणि इतिहास थोडा अधिक ठाऊक असणारे बाळू पालवणकरांचे नाव घेतात. आजच्या धाग्यात बाळूंचे चरित्र मांडतो. ते या वाक्याला आधार देत नाही, उलट त्याची मर्यादा दाखवते, असे माझे मत आहे. शेवटी ही गोष्ट मुंबई-पुण्याहून आपल्या अमरावतीपर्यंत कशी येते, तेही पाहू.

२/ बाळूंचा जन्म १८७०च्या दशकाच्या मध्यावर धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातले पालवण, त्यावरून पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. शाळा फार काळ टिकली नाही, कारण घराला कमावत्या हातांची गरज होती.

३/ पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मिळाली. काम होते खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे ४ रुपये मिळत. रोलर ओढणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिस कोर्टाच्या रेषा आखणे ही कामे होतीच. त्यातच एका साहेबाने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले.

४/ डावखुऱ्या हाताची ती संथ फिरकी पाहून जे. जी. ग्रेग हा त्या क्लबातील अव्वल फलंदाज रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करू लागला. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. या आठ आण्यांची गोष्ट पुष्कळ जण कौतुकाने सांगतात. मात्र तिच्या शेजारची दुसरी गोष्ट क्वचित सांगितली जाते: त्याच जाळीत बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

५/ असे का? त्या काळच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी हा सद्गृहस्थांचा छंद होता, तर गोलंदाजी हे बरेचसे मजुराचे काम. इंग्लंडात हौशी खेळाडू 'जंटलमन' म्हणवले जात आणि मोबदला घेणारे 'प्लेयर्स'. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी वेगळी. हा भेद औपचारिकरीत्या संपला तो १९६२ साली! इंग्लंडात जे वर्गाचे होते, त्यावर आपल्याकडे जातीचा आणखी एक थर चढला.

६/ पूना क्लबाला हरवण्याची ईर्ष्या पुण्याच्या हिंदू संघाला होती. त्या क्लबाच्या उत्तम फलंदाजाला रोज चकवणारा माणूस याच शहरात होता, पण तो 'अस्पृश्य' होता. त्याला घ्यावे की नाही यावर संघात वाद झाला. शेवटी घेतले गेले. हे हृदयपरिवर्तन होते की गरज, याचे उत्तर मैदानाबाहेरच्या व्यवहारात मिळते.

७/ मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात येई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे असेल तर त्यांच्याच पायरीचा एखादा नोकर पाणी घालत असे. म्हणजे चामड्याचा चेंडू विटाळत नव्हता, चहाचा पेला विटाळत होता. कारण चेंडूवाचून सामना जिंकता येत नाही, पेल्यावाचून येतो.

८/ १८९६मध्ये प्लेगची साथ सुरू झाली आणि बाळू मुंबईला आले. ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही आधी विरोध झाला आणि मग तो मावळला. त्यांच्यामागून शिवराम आला, पुढे गणपत आणि विठ्ठल आले. एकाच घरातील चार भाऊ हिंदू संघाकडून खेळले. धाकटे विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. ज्यांना मराठी क्रीडासाहित्याची आवड आहे, त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

९/ फेब्रुवारी १९०६, मुंबई. हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय आणि त्यात बाळूंचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद मोठा होता. एव्हाना जिमखान्यात दोघे भाऊ इतरांसोबत जेवू लागले होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने हा विजय सामाजिक सुधारणेचा टप्पा मानला. हा बदल खराच होता. तो नाकारण्यात अर्थ नाही.

१०/ १९११मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघ २३ सामने खेळला आणि त्यांतील १५ हरला. त्या पडझडीत पस्तिशीतले, खांद्याच्या दुखण्याने बेजार झालेले बाळू एकटे उभे राहिले: ११४ बळी, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. पूर्ण कारकिर्दीत प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे स्वतःच बोलके आहेत.

११/ आता मुख्य प्रश्न. एवढा गोलंदाज कर्णधार किती वेळा झाला? हिंदू संघाचा अधिकृत कर्णधार एकदाही नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्याहून कमी योग्यतेची, पण 'वरच्या' जातीची नावे पुढे येत राहिली. १९२०च्या चौरंगी स्पर्धेत कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा बाळू संघाबाहेर होते आणि विठ्ठलना डावलून कर्णधारपद एका ब्राह्मण खेळाडूकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला.

१२/ तो निषेध मला बाळूंच्या सर्व बळींइतकाच मोलाचा वाटतो. अंतिम सामन्याला पै परतले, दोघे भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार म्हणून घेतले गेले. पै काही काळ मैदानाबाहेर थांबले आणि तेवढ्या वेळापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली. थोरल्या भावाला जे गुणाने मिळाले नाही, ते धाकट्याला गुण अधिक संघर्ष यांनी मिळाले. हे समीकरण लक्षात ठेवा.

१३/ कर्णधारपदावर एवढा भर का? कारण गोलंदाज आज्ञा पाळतो, कर्णधार आज्ञा देतो. इंग्लंडने लेन हटन या व्यावसायिक खेळाडूला कर्णधार केले ते थेट १९५२मध्ये. आपल्याकडे १९३२च्या पहिल्या कसोटीसाठी दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. ते बाजूला झाले म्हणून नागपूरचे सी. के. नायडू नेतृत्व करू शकले. समाज कौशल्य विकत घेतो, त्याचे कौतुकही करतो. त्याच कौशल्याचा हुकूम मानण्याची वेळ आली की त्याला कुळ आठवते.

१४/ हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला 'पिचर' म्हणतात आणि तो खेळाचा नायक असतो. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर त्या खेळातील सर्वश्रेष्ठांपैकी एक. वर्णभेदामुळे त्याला अमेरिकेच्या मुख्य लीगचे दार उघडले ते १९४८मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी. १९७१मध्ये त्याला सन्मानदालनात घेताना आधी स्वतंत्र विभागात ठेवण्याचे ठरले होते. टीका झाली, तेव्हा निर्णय बदलला. मातीच्या वेगळ्या भांड्याचीच ही दुसरी आवृत्ती.

१५/ आता अमरावतीकडे वळू. बाळू ज्या संघाकडून खेळले, त्याचे नावच 'हिंदू' होते. युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा त्या शब्दाच्या आत चर्मकार गोलंदाजाला जागा झाली. पण १९२७ साली अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले नव्हते. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली आणि मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाचा प्रश्न तिच्यापुढे होता. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण नेतेही या मागणीच्या बाजूने उभे राहिले.

१६/ पाहा: १९०६ची मुंबई आणि १९२७ची अमरावती. एकवीस वर्षांचे अंतर. तोच धर्म, तोच शब्द. मैदानावर 'हिंदू' असलेला माणूस देवळाच्या पायरीशी 'हिंदू' राहत नव्हता. कारण मैदानावर त्याचा उपयोग होता आणि गाभाऱ्यात त्याचा उपयोग नव्हता. तेथे त्याला केवळ हक्क मागायचा होता. बाळूंच्या यशाने जात हलली असती, तर अंबादेवीच्या दारात हा प्रश्न उभाच राहिला नसता.

१७/ पुढचे प्रकरण अवघड आहे. १९३२मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात बाळू गांधीजींच्या बाजूने होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. त्याच करारावर आपल्या अमरावतीच्या ग. आ. गवई यांचीही सही आहे. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले.

१८/ या एका निवडणुकीमुळे काही जण बाळूंना विसरू पाहतात, तर काही जण त्यांनाच आंबेडकरांविरुद्धचा पुरावा म्हणून वापरतात. मला दोन्ही अन्यायकारक वाटते. बाळूंसाठी दारे खरोखर थोडी उघडली होती. तंबूबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून जिमखान्यातल्या पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी एका आयुष्यात केला. समाज आतून बदलू शकतो, हा त्यांचा विश्वास लाचारी नव्हता. तो अनुभवातून आलेला होता.

१९/ तरीही निष्कर्ष आंबेडकरांचाच बरोबर होता असे मी म्हणेन. बाळूंसाठी उघडलेले दार त्यांच्या डाव्या हातासाठी उघडले होते. त्याच वस्तीतील ज्या मुलाला चेंडू वळवता येत नव्हता, त्याचे काय? तो तंबूबाहेरच राहिला. अपवादात्मक माणसाला मिळते ती सवलत. साधारण माणसालाही मिळतो तो हक्क. आणि १९३७मध्ये काय झाले? माझ्या मते बाळूंना पुन्हा एकदा एका बलाढ्य फलंदाजापुढे गोलंदाजीला बोलावले गेले. कर्णधार तेव्हाही दुसराच होता.

२०/ हे जुने उकरून का काढायचे, असे कोणी विचारील. कारण आज विदर्भाचे क्रिकेट भरात आहे. २०१७-१८चा रणजी करंडक विदर्भाने प्रथमच जिंकला, तेव्हा अकोल्याच्या आदित्य ठाकरेने थेट अंतिम सामन्यात पदार्पण केले. अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघापर्यंत पोहोचला. आपल्या मैदानांतून मुले वर जात आहेत, याचा मला अभिमान आहे. पण एखादा वर गेला की "बघा, संधी सर्वांना आहे" असे म्हणून आपण मोकळे होतो, तेथे मला बाळू आठवतात.

२१/ बाळूंचे चरित्र वाचताना त्यांनी किती बळी घेतले हे जरूर मोजा. त्याबरोबर त्यांना किती वेळा नेतृत्व मिळाले हेही मोजा. एखादी संस्था किती न्यायी आहे हे तिच्या सर्वोत्तम माणसाच्या सत्कारावरून कळत नाही. तिच्यात निर्णय कोण घेतो आणि सामान्य गुणांच्या माणसाला ती कसे वागवते, यावरून कळते. मग ती संस्था क्रिकेट संघ असो, महाविद्यालय असो वा गावातले देऊळ.

२२/ मतभेद असतील तर जरूर मांडा, विशेषतः १८ आणि १९ या मुद्द्यांवर. वऱ्हाडातील जुन्या क्रिकेट क्लबांच्या आठवणी, छायाचित्रे किंवा वर्गणीच्या वह्या कोणाच्या घरी असतील, तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. संघात कोण खेळले हे धावफलकावर सापडते. चहा कोणी कोठे घेतला हे बहुधा अशा वह्यांत आणि आजोबांच्या आठवणींतच उरलेले असते.